सिंगापूर–न्यू यॉर्क विमानमार्ग

सिंगापूर–न्यू यॉर्क हा सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यू यॉर्कचा जॉन एफ. केनेडी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्या दरम्यानचा विनाथांबा प्रवासी हवाई मार्ग आहे. सिंगापूर एअरलाइन्स या मार्गावर सेवा देते. या दोन विमानतळांमधील सरळ अंतर १५,३४९ किमी असून ९ नोव्हेंबर २०२० रोजी सेवा सुरू झाली तेव्हा तो जगातील सर्वांत लांब नियमित प्रवासी मार्ग ठरला. हा मान त्यापूर्वी याच कंपनीच्या सिंगापूर–न्यूअर्क मार्गाकडे होता. त्याची लांबी १५,३४४ किमी, म्हणजे केवळ पाच किलोमीटरने कमी आहे.

अंतर

दोन विमानतळांमधील अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या रेषेवर मोजतात. सपाट नकाशावर ही रेषा सहसा वाकडी दिसते. सिंगापूर सुमारे १०४° पूर्व रेखांशावर, तर न्यू यॉर्क सुमारे ७४° पश्चिम रेखांशावर आहे. या दोहोंमध्ये जवळजवळ १७८ अंशांचा फरक असल्याने ही शहरे पृथ्वीच्या जणू विरुद्ध बाजूंना येतात आणि त्यांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते. त्यामुळे हे अंतर हातानेही काढता येते. चांगी (१.४° उत्तर) ते ध्रुव ८८.६ अंश आणि ध्रुव ते न्यू यॉर्क (४०.६° उत्तर) ४९.४ अंश, असे एकूण १३८ अंश होतात. एका अंशाला सुमारे १११.२ किमी धरल्यास उत्तर १५,३४६ किमी येते.

प्रत्यक्ष मार्ग व उड्डाणकाल

प्रत्यक्षात विमाने बहुधा या रेषेने जात नाहीत. मध्य अक्षांशांवर उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतात. त्यांची साथ मिळावी म्हणून सिंगापूरहून निघालेले विमान सहसा उत्तर पॅसिफिकवरून जाते, तर परतीचे विमान पुष्कळदा अटलांटिक व युरोपवरून येते. म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा विमान पूर्वेकडेच उडते व एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते. २०१८ साली न्यूअर्कची सेवा पुन्हा सुरू करताना कंपनीने उड्डाणाचे अंतर सुमारे १६,७०० किमी असल्याचे जाहीर केले होते. सरळ अंतरापेक्षा ते १,३०० किमीहून अधिक आहे, तरी वाऱ्यामुळे वेळ व इंधन वाचते.

वेळापत्रकातील उड्डाणकाल साधारणतः १८ ते १९ तासांचा असतो. घड्याळ मात्र वेगळेच सांगते. न्यू यॉर्कची वेळ हिवाळ्यात सिंगापूरच्या १३ तास (उन्हाळ्यात १२ तास) मागे असते. त्यामुळे मध्यरात्रीनंतर सिंगापूरहून निघालेला प्रवासी त्याच तारखेच्या सकाळी उतरतो, तर रात्री न्यू यॉर्कहून निघालेला तिसऱ्या दिवशी पहाटे पोहोचतो.

इतिहास

सिंगापूर–न्यूअर्क सेवा २८ जून २००४ रोजी चार इंजिनांच्या एअरबस ए३४०-५०० विमानांनी सुरू झाली. इतक्या लांबच्या उड्डाणात बरेचसे इंधन पुढे लागणारे इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडते. या विमानाची इंधनक्षमता दोन लाख लिटरांहून अधिक होती. प्रारंभी त्यात १८१ आसने होती. २००८ पासून केवळ बिझनेस वर्गाची १०० आसने ठेवण्यात आली, पण महागड्या इंधनापुढे हा उपायही पुरला नाही आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सेवा थांबली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या ए३५०-९०० यूएलआर विमानामुळे ती पुन्हा शक्य झाली. या विमानात सुमारे १,६५,००० लिटर इंधन मावते व त्यात १६१ आसने आहेत. साधा इकॉनॉमी वर्ग नाही. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे खंड पडला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या केनेडी विमानतळाच्या सेवेत प्रारंभी सर्वसाधारण ए३५०-९०० विमाने वापरण्यात आली. प्रवासी कमी असताना मालवाहतुकीला अधिक वाव मिळावा, हा त्यामागील हेतू होता. न्यूअर्कची सेवा २०२२ साली पूर्ववत झाली.

ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने सुमारे १७,००० किमी लांबीच्या सिडनी–लंडन विनाथांबा मार्गाची योजना आखली आहे. २०१९ मध्ये तिने लंडन व न्यू यॉर्कहून सिडनीपर्यंत घेतलेली चाचणी उड्डाणे १९ तासांहून अधिक काळ चालली.