आहार व नातेसंबंध (वाशीम जिल्हा)

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून विभक्त झालेल्या या मुलखात माणसाचे जेवण जमिनीइतकेच सोयरिकीवर ठरते. ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण हा सर्वसाधारण आहार; परंतु सासरी आलेली सून माहेरची फोडणी हळूहळू बाजूस सारून सासूच्या हाताचे तिखट उचलते आणि तीच चव आपल्या लेकरांच्या जिभेवर बसविते, हे संक्रमण विशेष लक्षणीय होय. अधिक मासात जावयास ३३ अनारशांचे वाण देतात. कारंजा येथील अनेक जैन कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम वडीलधाऱ्यांच्या धाकाने नव्हे, सहवासाने टिकतो. रोडग्यांचा बेत एकट्यासाठी सहसा कोणी करीत नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेला रोडगा राख झटकून, फोडून, तूप घालून प्रथम पाहुण्याच्या पानात वाढला जातो.