पिन बसली, पण खेळ चालेना

धर्माबादच्या स्टेशनावरून आपली लाइन 1900 च्या सुमारास, निजामाच्या राज्यात सुरू झाली. ती मीटर गेजची होती, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. मनमाडला मुंबईची लाइन भेटे, ती ब्रॉडगेज. झाले! मुंबईला निघालेली पोती मनमाडला एका डब्यातून उतरवायची नि दुसऱ्यात भरायची. डबाही धड, मालही धड. मापच तेवढे जुळत नव्हते.

आता तुम्हाला सांगायचे आहे ते रेल्वेचे नव्हे, मुलांच्या टीव्ही-गेमच्या रिमोटचे. गुरुजी म्हणतील, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण एका पेटीचा रिमोट दुसऱ्या पेटीला लावायचा, यात मनमाडचीच अडचण पुन्हा उभी राहते. फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

1977 साली अमेरिकेत अटारी कंपनीची पेटी निघाली. तिचा दांडा अगदी भोळा. चार दिशांचे चार स्विच, एक बटण, प्रत्येकाला स्वतंत्र वायर आणि सगळ्यांत मिळून एक सामाईक. बटण दाबले की ती वायर सामाईक वायरीला जुळे, आणि पेटीला कळे. त्याची नऊ टोकांची पिन पुढे कितीतरी कंपन्यांनी उचलली.

1983 मध्ये जपानच्या निन्टेंडोने फॅमिकॉम आणला. त्याच्या नकला आपल्याकडे नव्वदीच्या दशकात घरोघर पोचल्या. समुराई, लिटल मास्टर ही नावे त्या काळच्या मुलांना अजून आठवतात. या रिमोटला बटणे आठ, पण कामाच्या वायरी पाचच! दोन विजेच्या, उरलेल्या तीन बोलण्याच्या. पेटी एका वायरीने हुकूम देते, "हजेरी मांडा." दुसरीने ठोके देते. रिमोटमधली चिप तिसरीवरून दर ठोक्याला एकेका बटणाची हजेरी सांगते, दाबले आहे की नाही. आठ ठोके, आठ उत्तरे, तीही ठरलेल्या क्रमाने. बहुतेक खेळांत हे सेकंदाला साठेक वेळा चालते.

गंमत पाहा. या नकली पेट्यांपैकी पुष्कळांना अटारीसारखीच नऊ टोकांची पिन होती. सेगा कंपनीच्या 1988 च्या पेटीलाही तीच. पिन झक्क बसे, पण खेळ चालेना. विजेची जागाही निराळी असली तर रिमोट किंवा पेटी जळण्याची भीती. म्हणजे रुंदी जुळली, भाषा जुळली नाही.

उलट उदाहरणही आहे. 1990 मध्ये निन्टेंडोने बारा बटणांचा नवा रिमोट काढला. पिनचा आकार वेगळा, पण बोलण्याची रीत जुनीच. फक्त ठोके सोळा. त्याची पिन कापून जुन्या पेटीची लावली, की तो चालतो. जुनी पेटी आठ उत्तरे ऐकून थांबते. उरलेली चार बटणे मुकी राहतात, एवढेच.

जिथे भाषाच वेगळी, तिथे दुभाष्या हवा. मराठी-तेलुगूच्या शिवेवर राहणाऱ्या धर्माबादकरांना दुभाष्या काय ते समजावून सांगायला नको. 2005 मध्ये इटलीत अर्दुइनो नावाची छोटी पट्टी निघाली, आणि हौशी माणसांना हे काम स्वस्तात जमू लागले. तिच्यातली चिप एका बाजूने रिमोटचे ऐकते, दुसऱ्या बाजूने पेटीच्या भाषेत बोलते.

हा केवळ चाळा आहे असे मला वाटत नाही. ज्याला एकच हात आहे, ज्याची बोटे वळत नाहीत, त्या मुलाला बाजारातला रिमोट काय कामाचा? त्याच्यासाठी मोठी बटणे, पायाचे स्विच जोडून देणारी माणसे हीच विद्या वापरत आली. पुढे 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा मुलांसाठी रिमोट काढला. त्याच्या पाठीवर बाहेरचे स्विच लावायला 19 भोके आहेत. दुसरीकडे काही नव्या पेट्या रिमोटकडे गुप्त ओळख मागतात. ती नसली तर भाषा येऊनही दार बंद. हे मला पटत नाही.

शाळेच्या कपाटात असा एखादा मोडका रिमोट असेल तर उघडून मुलांना दाखवा. पेटीपासून सोडवूनच उघडा. वायरींच्या रंगावर विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात. मीटर लावून कोणती वायर कुठे जाते ते वहीत लिहून घ्या. कापायच्या आधी, नंतर नव्हे.