पाठीवरच्या रेघेची कुळकथा

कराड ते सांगली या कृष्णाकाठच्या पट्ट्यात वीटभट्टीवर माती वाहणारं राखाडी गाढव जवळून पाहावं. आयाळीच्या बुडाशी एक काळसर रेघ सुरू होते, कण्यावरून सरळ मागे जाते आणि शेपटीत उतरते. खांद्यावर दुसरी रेघ तिला आडवी छेदते. पोट आणि तोंडाचं टोक पांढरट असतं. पायांवर, गुडघ्याच्या आसपास, कधी कधी फिकट पट्टे दिसतात. पाठीवरची अशीच रेघ कच्छच्या छोट्या रणातल्या रानगाढवाला आहे, मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की घोड्यालाही आहे. मग त्याच कुळातल्या आपल्या पाळीव घोड्यांपैकी बहुतेकांची पाठ कोरी कशी?

रेघेकडे वळण्याआधी रंगाकडे पाहायला हवं, कारण आपल्याकडे घोडा ओळखला गेला तो रंगावरून. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने ‘अभिधानचिंतामणी’ हा कोश रचला. त्यात घोड्यांच्या रंगांची नावं ओळीने येतात. कियाह तांबडा, खुंगाह काळा. कुलाह किंचित पिवळा आणि गुडघ्यांशी काळा. उराह किंचित फिकट, पण पायांना काळा. आणि सुरूहक म्हणजे चक्क गाढवाच्या रंगाचा. पुढे फारसीतून कुमैत, अबलख, समंद ही नावं आली आणि मराठी पागांमध्ये रुळली. अंग पिवळसर, आयाळ-शेपूट काळी, तो समंद.

या नावांमध्ये पाठीवरची रेघ मात्र मोजलेली नाही. त्यामुळे समंद म्हटला की त्यात दोन वेगवेगळे घोडे येऊ शकतात. एकाचा रंग रेघेच्या वाणातून, म्हणजे जनुकाच्या एका रूपातून, आलेला असतो. दुसऱ्याचा, अंग फिकं करणाऱ्या अगदी निराळ्या वाणातून. दुसऱ्याच्या पाठीवर रेघ नसते. लांबून दोघे सारखेच दिसतात.

रेघेला मोठं मोल मिळालं ते काठेवाडात. डार्विनने १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये कर्नल पूल या अधिकाऱ्याचा हवाला दिला आहे. सरकारसाठी काठेवाडी घोड्यांची पाहणी करणाऱ्या पूलने कळवलं होतं की तिथे अंगावर पट्टे नसलेला घोडा अस्सल मानत नाहीत. पाठीवर रेघ असतेच, पायांवर बहुधा पट्टे असतात, खांद्यावर कधी दोन तर कधी तीन रेघा असतात. शिंगराच्या अंगावर त्या ठळक दिसतात, म्हाताऱ्या घोड्याच्या अंगावरून कधी कधी साफ पुसल्या जातात. डार्विनला यातून वेगळंच काही सांगायचं होतं. घोडा, गाढव, झेब्रा यांचा पूर्वज एकच आणि तो पट्टेवाला होता. त्याची आठवण अधूनमधून कातडीवर उमटते, असं त्याचं म्हणणं.

ही खूण कशी उमटते, ते मात्र दीडशे वर्षांनी उलगडलं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या लेइफ अँडरसन यांच्या गटाने इतर देशांतल्या संशोधकांसह २०१५ च्या अखेरीस आपले निष्कर्ष मांडले. किल्ली टीबीएक्स३ नावाच्या जनुकात सापडली. गर्भात हातपाय घडवण्याच्या कामात हे जनुक असतं. माणसात त्यात बिघाड झाला तर हाताची करंगळीकडची हाडं नीट घडत नाहीत. घोड्याच्या केसात त्याचं काम निराळं. रेघवाल्या फिकट घोड्याच्या अंगावरचा एक केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर रंग केसाच्या एकाच अंगाला भरलेला दिसतो, दुसरं अंग जवळजवळ रिकामं. म्हणून तांबडा घोडा फिकट पिवळसर दिसतो आणि काळा घोडा राखी. पाठीच्या रेघेतल्या केसात मात्र रंग चहूबाजूंनी भरतो. म्हणजे रेघ वेगळी काढलेली नाही. आजूबाजूचं अंग फिकं पडल्यामुळे मूळचा गडद रंग तिथे उरला आहे.

घोड्यात हे जनुक केसात काम करेनासं झालं की अख्खं अंग गडद होतं. असे दोन बदल सापडले. त्यातला एक फार जुना निघाला: सुमारे ४३ हजार वर्षांपूर्वीच्या एका घोड्याच्या डीएनएत फिका आणि गडद असे दोन्ही वाण शेजारी शेजारी होते. माणसाने घोडा पाळला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. माळरानात फिकट अंग लपायला बरं. तबेल्यात लपायचं कुणापासून? गडद, चकचकीत अंग माणसाच्या डोळ्यात भरलं असावं, आणि पाळीव घोड्यांमध्ये कोरी पाठ पसरत गेली. चीनमधल्या देझोऊ जातीच्या काळ्या गाढवांमध्येही याच जनुकाच्या शेजारचा एक छोटा तुकडा गळालेला आढळला.

आता पूलच्या ‘अस्सल’ घोड्याकडे वळू. फिका वाण वरचढ असतो. आईबापांपैकी एकाकडून मिळाला तरी पुरे. पण रेघवाल्या नर आणि मादी दोघांच्याही पोटात गडद वाण दडलेला असला, तर त्यांच्या चार शिंगरांमागे सरासरी एक कोऱ्या पाठीचं निपजतं. त्याचं रक्त तितकंच काठेवाडी. उलट दोन्ही आईबाप कोऱ्या पाठीचे असले तर रेघ परत येत नाही. ती बाहेरूनच आणावी लागते.

सातारा-सांगलीच्या माणदेशात घोडा आला तो अशा परीक्षांपेक्षा कामासाठी. माण, खटाव, आटपाडीकडचे मेंढपाळ धनगर बिऱ्हाड तट्टांवर लादून कळपामागे चालतात. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतल्या याच काटक घोड्यांच्या जोरावर मराठी फौजा धावल्या. त्यांच्या भीमथडी जातीला अलीकडेच पशुजातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने स्वतंत्र मान्यता दिली. या तट्टांकडून मागणी एकच होती: थोडक्या चाऱ्यावर लांबचा पल्ला.

अकलूज आणि सारंगखेड्याच्या बाजारांत काठेवाडी, मारवाडी घोडे येतात. तिथे गिऱ्हाइकाची नजर आधी केसांच्या भोवऱ्यांवर जाते: शुभ मानलेला देवमण कुठे आहे, अशुभ मानलेली गोम तर नाही ना. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, म्हणजे पंचकल्याणी, असला की भाव चढतो. यात रेघेची पारख करायची तर एक पथ्य पाळावं. पुष्कळ शिंगरांच्या पाठीवर जन्मतः काळपट रेघ दिसते आणि पहिले केस झडले की नाहीशी होते. म्हणून शिंगराची पाठ पाहून सौदा करू नये. केस एकदा झडू द्यावेत आणि मग खांद्यावरची आडवी रेघ, पायांवरचे पट्टे आणि पाठ एकत्र पाहावी. तिन्ही खुणा टिकल्या असतील तर वाण खरा. त्यावरून घोडा अस्सल ठरत नाही. एवढंच कळतं, की पाळीव होण्याआधीचा रंग त्याच्या कुळात टिकून आहे. वीटभट्टीवरच्या गाढवांत तो जपायला कुणी परीक्षा ठेवली नव्हती, कारण गाढवाकडून रंगाची अपेक्षाच नव्हती.