पेवातली बंदूक



२०२४ साली अनंत चतुर्दशी आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन एकाच दिवशी आले, १७ सप्टेंबरला. सकाळी झेंडावंदन, नंतर मंदिरात अभिषेक. दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस म्हणून दीर-जाऊ, पुतणे सगळे घरी जमले होते. आणि अशा दिवशी आमच्याकडे बोलणं निघालं ते बंदुकांचं!

झालं असं, की लोकसभा निवडणुकीच्या आधी नेहमीप्रमाणे मामंजींच्या दोन्ही बंदुका पोलीस ठाण्यात जमा केल्या होत्या. हिंगोलीचं मतदान २६ एप्रिलला झालं. बंदुका परत आणायच्या आधीच मामंजी गेले. परवाना त्यांच्या नावावर. आता आमच्या यांनी वारस म्हणून परवाना काढून त्या घरी आणायच्या, की विकून मोकळं व्हायचं? पुतण्या म्हणाला, "आजोबांची आठवण आहे, ठेवू या." दीर म्हणाले, "पडून काय उपयोग? विकली तर चार पैसे येतील." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.

जैनाच्या घरात बंदूक आली कशी, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. लग्न होऊन आले तेव्हा मलाही वाटलं होतं. त्यासाठी आपल्या भागाचा थोडा इतिहास सांगावा लागेल.

हिंगोली पूर्वी निजामाच्या राज्यातली छावणी होती. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज इथे असायची. छावणी आली की बाजार आला आणि बाजारामागून व्यापारी आले. पण माल आणायचा तर वाट धोक्याची. निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर याने १८३९ साली ठगांवर कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्याच एका व्यापाऱ्याची हकिकत आहे. हरिसिंग त्याचं नाव. छावणीत त्याची उठबस, टेलरचाही त्याच्याशी रोजचा व्यवहार. मुंबईहून कापड आणायचंय म्हणून त्याने परवाना मागून घेतला. प्रत्यक्षात दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं कापड वाटेवर होतं. त्या व्यापाऱ्याला माणसांसकट मारून हरिसिंगने तो माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि उघड विकला. तो ठगांचा म्होरक्या होता, हे पुढे कळलं. ही हकिकत वाचली की पेढीवाल्यांच्या घरात शस्त्र का आलं, ते समजतं. आणि दारात शस्त्र असूनही ओळखीचाच माणूस गळा कापू शकतो, हेही समजतं.

आमच्या घरातली पहिली बंदूक आजेसासऱ्यांची, आप्पांची. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची. तिचा निजामाच्या काळातला परवाना अजून घरी आहे, उर्दूत. आमच्यापैकी कुणाला वाचता येत नव्हता. एका निवृत्त शिक्षकांकडून वाचून घेतला तर त्यात कारण लिहिलेलं निघालं, पिकाची आणि जीविताची राखण.

मग आलं १९४७. देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, आपण झालो नाही. कासिम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, तिथे भारताचं राज्य. कितीतरी कुटुंबं रात्रीतून नदी ओलांडून गेली. आमच्या घरात लहानपणापासून मुलांना सांगितलं जातं, की आप्पांनी रझाकारांच्या काळात बंदुकीच्या जोरावर घर राखलं. मीही माझ्या मुलांना तेच सांगत आले.

त्या दिवशी सासूबाईंनी पहिल्यांदा वेगळं सांगितलं. त्यांनी ते त्यांच्या सासूकडून ऐकलेलं. "घर कुठं राखलं? बंदूक सापडली तर जीव जाईल म्हणून मामंजींनी ती पोत्यात गुंडाळून ज्वारीच्या पेवात पुरली. लेकरं बैलगाडीत घातली अन् रातोरात उमरखेडला गेले. किल्ली शेजारच्या मुसलमान घरात ठेवली. परत आल्यावर घर जसंच्या तसं होतं. बंदूक तेवढी गंजून गेली होती."

आम्ही सगळे गप्प झालो. १३ सप्टेंबर १९४८ला भारताची फौज शिरली, १७ला निजाम शरण आला. त्यानंतर हत्यारांची तोंडं फिरली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नंतर या भागात फिरून अहवाल दिला. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. त्यात बहुतेक मुसलमान. सर्वात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपल्या शेजारचं नांदेड होतं. किल्ली सांभाळणारं ते कुटुंब तेव्हा काही दिवस आमच्या धान्याच्या खोलीत राहिलं, हेही सासूबाईंनीच सांगितलं. म्हणजे दोन्ही वेळा जे राखलं गेलं ते शेजारानं राखलं. बंदूक पेवातच होती.

दुसरी बाराबोअरची दुनळी आणि तिसरी एकनळी मामंजींनी घेतली. रोही आणि रानडुकरं पीक खायची म्हणून. आयुष्यभर त्यांनी बार काढला तो हवेत.

तीन बंदुका ठेवायला तेव्हा हरकत नव्हती. मूळ शस्त्र कायदा १९५९चा. १९८३ साली त्यात माणशी तीन अशी मर्यादा आली आणि डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. वारशाने आलेलं शस्त्रही त्या दोनमध्येच मोजायचं. ज्यांच्याकडे जास्त होती त्यांनी वर्षाच्या आत जादाचं शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं होतं. आमची एकनळी विक्रेत्याकडे गेली आणि तिथून विकली गेली. सगळं रीतसर. त्या पैशात शेतातल्या बोअरची मोटर आली. तेव्हा कुणाच्याच मनात काही आलं नाही.

मनात आलं ते या पर्वात. स्वाध्यायाला रत्नकरंड श्रावकाचार चालू होता. समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुति आणि प्रमादचर्या. पाठशाळेत आपण सगळ्यांनी हे पाठ केलंय. पण हिंसादान म्हणजे तलवार, कुऱ्हाड, विष, अग्नी यांसारखी हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं, हे वाचताना मला एकदम आमची एकनळी आठवली. ती आज कुणाच्या हातात आहे? लग्नाच्या वरातीत बार उडवणाऱ्याच्या? की रागाच्या भरात भावावर रोखणाऱ्याच्या? मला माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. मोटर सुरू झाली की माझ्या कानात तेच येतं.

दशलक्षणात रोज परिग्रह कमी करायचं ऐकतो, म्हणून वाटतं, विकून टाकलं की सुटलो. साडी, भांडं, दागिना यांचं ठीक आहे. शस्त्र विकलं तर परिग्रह माझा सुटतो, हिंसा मात्र दुसऱ्याच्या घरी पोचते.

मग ठेवावं का? यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. आखाड्यावर चोऱ्या होतात, घरात बायका-मुलं आहेत. आपल्या धर्मानेही गृहस्थाला विरोधी हिंसेची मोकळीक दिलीय. संकल्पी हिंसा सोडायची, पण स्वतःच्या आणि आश्रितांच्या रक्षणासाठी नाइलाजाने होणारी हिंसा श्रावकाला टाळता येत नाही. चामुंडराय तर गंग राजांचा सेनापती होता, लढाया जिंकलेला श्रावक. पण त्याने श्रवणबेळगोळला उभी केलेली मूर्ती बघा. ती आहे बाहुबलींची, ज्यांनी जिंकलेलं राज्य तिथल्या तिथे सोडलं.

मी यांना एवढंच विचारलं, "परवान्यावर कारण काय लिहाल?" आप्पांकडे कारण होतं, मामंजींकडे होतं. आता शेताला तारेचं कुंपण आहे. यांना बंदूक चालवता येत नाही. दर निवडणुकीला ती ठाण्यातच असते. आणि घरात दोन शाळकरी मुलं आहेत, ज्यांना कपाटाची किल्ली कुठे असते ते माझ्याआधी कळतं. कारण संपल्यावर शस्त्र ठेवलं तर ती राखण राहत नाही, मैत्रिणींनो, नुसता मोह राहतो.

कायद्यात काय वाट आहे, ते यांनी विचारून आणलं. वारसाला परवाना मागता येतो. विकायची तर कलेक्टर किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. आणि ठाण्यात जमा असलेलं शस्त्र मुदतीत परत नेलं नाही किंवा विकलं नाही, तर ते जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने सरकारजमा होतं. ही तिसरी वाट ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग तसंच करा. पैसे नकोत."

आम्ही अर्ज दिला. वारसांना परवाना नको, विक्री करायची नाही, दुनळी नष्ट करावी ही विनंती. पेवातली ती जुनी ठासणीची एखाद्या सरकारी संग्रहालयाला देता येईल का, हे त्याच अर्जात विचारलंय. तिच्यातून आता कुणाला बार काढायचा नाही. उत्तर येईपर्यंत ती ठाण्यातच राहील. पुतण्या थोडा नाराज होता. त्याला तो उर्दू परवाना फ्रेम करून दिला आणि त्यामागची खरी गोष्ट सांगितली, पेवाची आणि किल्लीची.

एकनळीचं काय, हे मात्र मनातून जात नाही. त्या रात्री सासूबाईंनी प्रतिक्रमणात तिचं नाव घेतलं. मीही घेतलं.

तुमच्याही घरी माळ्यावर, जुन्या पेटीत, एखादी तलवार नाहीतर बंदूक असेल. लपवून ठेवू नका, कायद्याचं बघा. आणि विकायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, ती खरंच कधी उपयोगी पडली होती का.

जय जिनेंद्र.