शांत रस्ता शांत का असतो? भोर-वेल्ह्याच्या कच्च्या वाटांचा इतिहास

गेल्या काही वर्षांत पुण्यात ग्रॅव्हल सायकली दिसायला लागल्या आहेत. हँडल रेसिंगच्या सायकलीसारखं वाकडं, टायर मात्र जाड. डांबर संपलं तरी खडी-मुरुमावर चालत राहणारी सायकल. उत्तर फ्रान्समध्ये अशा सायकलींसाठी मार्ग आखून दिलेले असतात: कालव्याकाठच्या वाटा, बंद पडलेल्या रेल्वेच्या पट्ट्या, शेतांमधले कच्चे रस्ते. मोटारी भेटता कामा नयेत, एवढीच अट. तीच अट घालून पुण्याहून कुणी निघालं तर तो हमखास सातारा रस्ता सोडतो आणि नसरापूरवरून वेल्ह्याकडे, नाहीतर कापूरहोळवरून भोरकडे वळतो.

इथे मी मार्गांची यादी देणार नाहीये, ती तुम्हाला कुठेही मिळेल. मला त्या रस्त्यांना एक प्रश्न विचारायचाय: हा रस्ता शांत का आहे? तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल तर हा प्रश्न जरा हातात धरून बघा. पर्यटनाच्या जाहिराती त्याचं उत्तर ‘अस्पर्श निसर्ग’ असं देतात. माझं म्हणणं असं की या दोन तालुक्यांत कधीच कुणी न वापरलेली वाट सापडणं कठीण आहे. बहुतेक वाटांवर वर्दळ होती आणि ती कधीतरी, कशामुळे तरी दुसरीकडे गेली. ते ‘कधीतरी’ आणि ‘कशामुळे तरी’ शोधणं म्हणजेच इतिहास.

फ्रान्समध्येही हेच आहे. लंडन-पॅरिस सायकलमार्ग २०१२ मध्ये सुरू झाला. त्याचा नॉर्मंडीतला मोठा तुकडा जुन्या रेल्वेमार्गावरून जातो. तिथली शांतता म्हणजे बंद झालेली रेल्वे. पॅरिस-रूबे या १८९६ पासूनच्या शर्यतीत आरेनबर्गच्या जंगलातला दगडी रस्ता १९६८ मध्ये आला, आणि तो सुचवला होता पूर्वी खाणीत काम केलेल्या जाँ स्ताब्लिन्स्की या सायकलपटूने. सगळीकडे डांबर पडत गेलं आणि उरलेला दगडी रस्ता दुर्मीळ झाला. बास, फ्रान्स एवढंच.

आता आपल्या घाटांकडे येऊ. कोकणातून देशावर मीठ, तांदूळ चढायचे आणि देशावरून धान्य, गूळ उतरायचा. महाड हे सावित्रीवरचं बंदर, आणि तिथून भोर-वेल्ह्याकडे एक नाही, अनेक वाटा चढत होत्या. वरंधा, केळदजवळचे मढे घाट आणि उपांड्या, पुढे मोहरी-सिंगापूरकडच्या सिंगापूर नाळ, बोचेघोळ नाळ. माल वाहायचा बैलांच्या पाठीवरून. ही नावंसुद्धा पुरावा आहेत. ‘घाट’ म्हटलं की साधारणपणे लादलेलं जनावर चढू शकेल अशी वाट. ‘नाळ’ म्हणजे कड्यातली अरुंद, दगडांनी भरलेली घळ, माणसांची वाट. हा नियम काटेकोर नाही, पण नकाशावर नाव दिसलं की पहिला अंदाज बांधायला उपयोगी पडतो.

मढे घाटाच्या नावामागे अशी परंपरा सांगतात की १६७० मध्ये सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठ्याला नेला. ही आठवण लोकपरंपरा म्हणूनच नोंदवायची, घटनेचा पुरावा म्हणून नाही. तरी तिच्यातून एक गोष्ट कळते: सिंहगडाकडून पोलादपूरच्या बाजूला जायची ही रुळलेली वाट होती, असं सांगणाऱ्यांना वाटत होतं. आज मढे घाटावर पावसाळ्यात धबधबा बघायला गर्दी होते आणि बाकी वर्षभर सामसूम.

मग वर्दळ गेली कुठे? पहिली मोठी उलथापालथ इथे झालीच नाही, ती झाली खंडाळ्यात. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोर घाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे चढली. (सूचना: इंग्रजी कागदांत हा घाट बऱ्याचदा ‘भोर घाट’ म्हणून येतो. भोर गावाशी त्याचा संबंध नाही. डिजिटल संग्रहात ‘भोर’ असा शोध घेतला की निम्मे निकाल खंडाळ्याचे येतात. चाळणी लावायची तयारी ठेवा.) मुंबईचा माल रेल्वेने पुण्याला येऊ लागल्यावर दक्षिणेकडच्या लहान घाटांची गरज कमी झाली. त्यातल्या वरंध्याला एकोणिसाव्या शतकात गाडीरस्ता मिळाला. मढे, उपांड्या, नाळा यांना नाही मिळाला. म्हणजे केळदच्या पलीकडची शांतता हा एका निवडीचा परिणाम आहे.

वरंध्यात एक जागा नीट बघा. घाटमाथ्याजवळ कावळ्या किल्ला आहे आणि आजचा रस्ता त्याच्या अंगातूनच कापून गेलाय, किल्ल्याचे दोन तुकडे झालेत. वाघजाईच्या देवळाजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. इतक्या उंचावर कुणी पाण्याची सोय करतं ती येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आणि पहाऱ्यावरच्यांसाठी. म्हणजे वाट जुनी, रस्ता नवा, आणि नव्या रस्त्याने जुन्या वाटेचा राखणदारच कापला. हे दोन थर एका फोटोत येतात.

आता विज्ञान शाखेतून आलेल्यांसाठी थोडं. इथे सायकल हे मोजमापाचं साधन होतं. बैलगाडीसाठी आखलेल्या घाटरस्त्याचा चढ साधारण २० ला १ ठेवायची पद्धत होती, म्हणजे सुमारे ५ टक्के. जास्त असेल तर बैल दमतो, आणि उतरताना गाडी त्याच्या अंगावर येते. बैलाच्या पाठीवरून माल नेणाऱ्या वाटेला ही अट नव्हती, ती कितीतरी उभी चढते. अलीकडचे रस्ते इंजिनासाठी आहेत, त्यामुळे पायवाटेवरच डांबर टाकलं तरी चालून जातं. तेव्हा सायकलवर चढ एकसारखा ५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर तिथे गाडीरस्त्याची आखणी असावी अशी शंका घ्या. मध्येच १०-१२ टक्क्यांची उडी आली तर तो तुकडा बहुधा नंतर जोडलेला. शंका म्हणतोय मी, निष्कर्ष नाही. पडताळणी कागदानेच होईल.

उपग्रहाचा उंचीचा डेटा घरबसल्या मिळतो, मग सायकल कशाला, असं विचाराल. फुकट मिळणाऱ्या डेटात एक चौकोन ३० मीटरचा असतो. घाटातला रस्ता पाच-सहा मीटर रुंद, शेजारी थेट दरी. त्या चौकोनात रस्ता आणि दरीची सरासरी येते आणि चढाचे आकडे वेडेवाकडे निघतात. वायुदाबावर चालणारा सायकल-कॉम्प्युटर इथे बरा. हवामान बदललं की तोही सरकतो, म्हणून सुरुवात आणि शेवट एकाच बिंदूवर करा, फरक किती आला ते लिहा आणि वाटून द्या.

कागदांचं म्हणाल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांपासून सुरुवात करा. हा सगळा भाग ४७ एफ मध्ये येतो: भोर १६ नंबरच्या पत्रकात, राजगड १२ मध्ये, तोरणा आणि वेल्हे ११ मध्ये. त्यात पक्की सडक, कच्ची सडक, गाडीवाट, लादलेल्या जनावरांची वाट आणि पायवाट यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. आपण सगळ्यालाच ‘ऑफरोड’ म्हणून मोकळे होतो. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये व्यापाराच्या प्रकरणात घाटांची माहिती आहे. पण इथे एक अडचण लक्षात ठेवा. भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं, सातारा जहागिरींपैकी एक, आणि ८ मार्च १९४८ ला विलीन होईपर्यंत त्याचा कारभार वेगळा होता. त्यामुळे फक्त ब्रिटिश पुणे जिल्ह्याची पुस्तकं चाळून भागणार नाही. संस्थानाचे तालुकेही वेगळ्या नावांचे: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ, सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणायचं ठरलंय, पण संस्थानाच्या कागदात ‘राजगड तालुका’ दिसला तर आजची हद्द त्यावर चिकटवू नका.

आणि सगळ्यात शांत रस्ता? माझ्या मते भाटघरच्या पाण्याकाठचा. वळणं घेत जाणारी वाट, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, सायकलवाल्यांच्या फोटोंत हमखास असणारी. वेळवंडी नदीवर आधी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘लेक व्हायटिंग’ झालं, मग १९२८ मध्ये मोठं लॉइड धरण. आज जलाशयाला येसाजी कंक यांचं नाव आहे, साठा सुमारे साडेतेवीस टीएमसी. ते पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे आणि उजव्याने फलटण-माळशिरसकडे जातं. तिकडे ऊस उभा राहिला. इकडे वेळवंड खोऱ्यातली नदीकाठची सपाट जमीन पाण्याखाली गेली आणि तिच्याबरोबर खोऱ्याची सरळ वाटही. नवा रस्ता डोंगराच्या अंगाने प्रत्येक ओढ्याच्या खाचेत आत-बाहेर करत गेला. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि जायला मात्र वळसा पडतो. आपल्याला ज्या वळणांची मजा येते तोच वळसा दवाखान्यात जाणाऱ्या बाळंतिणीला, बाजाराला निघालेल्या म्हातारीला पडतो. ‘रहदारीमुक्त’ हा शब्द प्रबंधात वापरायच्या आधी तो कोणाच्या बाजूने लिहिलाय ते ठरवा.

घाई एवढ्यासाठी की या खुणा राहणार नाहीत. रुंदीकरणात जुन्या बांधीव कडा, दगडी मोऱ्या पहिल्यांदा जातात. खडीवर काँक्रीट पडतं. ते पडावं की नाही हा प्रश्न मी सायकलवाल्यांना विचारणार नाही. गावाला रस्ता हवाच असतो. पडायच्या आधी नोंद व्हावी, इतकंच आपल्या हातात आहे. आणि खडीचीही गोष्ट विचारा. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीत महाराष्ट्रभर लोकांनी हाताने खडी फोडून रस्ते केले. एखाद्या गावात साठी-सत्तरी ओलांडलेल्या आजी सांगतील की हा रस्ता कुणी केला आणि मजुरी काय मिळाली. ‘हा रस्ता कुठे जातो’ असं विचारलं तर तुम्हाला मोटारीचं उत्तर मिळतं. ‘पूर्वी महाडला कुठून उतरायचे’ असं विचारलं की माणूस हात करून डोंगर दाखवायला लागतो.

वेळापत्रकाचं: वरंध्यात पावसाळ्यात दरडी पडतात आणि घाट बंदही करतात, तेव्हा चढ मोजायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. भाटघरसाठी मात्र मे महिना. पाणी उतरलं की कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, आणि जुन्या वाटांचे तुकडे शोधायची तीच वेळ. त्या आठवड्याचं उपग्रहचित्र आधी उतरवून घ्या. काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो, आत ओला असतो. शेवटचे काहीशे मीटर सायकल ढकलतच न्यावी लागेल.