नेटवर्क सुरक्षा प्रमाणपत्र परीक्षा : अंबरपेठेत राहून करायची तयारी

संगणकांचे जाळे उभारता येते आणि राखताही येते, अशी उमेदवाराबद्दलची ग्वाही एखादी कंपनी किंवा व्यावसायिक संस्था ज्या परीक्षेतून देते, ती ही परीक्षा. विद्यापीठाच्या पदवीशी तिचा संबंध नाही. बहुतेक प्रमाणपत्रांची मुदत ३ वर्षे असते.

अंबरपेठ हे हैदराबादच्या पूर्वेकडचे, मूसी नदीच्या उत्तर काठावरचे उपनगर. एका बाजूला १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला काचीगुडा. काचीगुड्याहून निजामाबाद, नांदेड, परभणी असा मनमाडकडे जाणारा लोहमार्ग आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नांदेडकडचा विद्यार्थी शिकायला पुण्याऐवजी हैदराबादला आला, तर त्यात नवल नाही.

शिकवणीवर्गांची मोठी पेठ मात्र अंबरपेठेत नसून शहराच्या पश्चिमेला अमीरपेठेत आहे. मैत्रीवनम संकुलाच्या परिसरात संगणकाचे कोर्स, त्यांचे फलक, झेरॉक्स नोट्स विकणारी दुकाने आणि मुलामुलींची हॉस्टेले एकमेकांना लागून आहेत. फी भरण्याआधी फुकट ‘डेमो क्लास’ला बसण्याची इथली पद्धत चांगली आहे, नवख्याने ती जरूर वापरावी. अंबरपेठेत मेट्रोचे स्थानक नाही. उप्पल किंवा हबसिगुडा गाठले, की २०१७ मध्ये सुरू झालेल्या निळ्या मार्गाने थेट अमीरपेठेला जाता येते. पण नुसत्या व्याख्यानासाठी रोज एवढे अंतर तुडवावे का, याचा विचार व्हायला हवा. सिद्धान्त घरी पुस्तकातून आणि व्हिडिओंतून शिकता येतो. जायचे ते जिथे खऱ्या राउटर-स्विचवर हात बसवायला मिळतो तिथे, आणि डेमोच्या दिवशी विचारायचे तेही हेच.

परीक्षा पायरीपायरीने निवडावी. नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या ‘सिस्को’ कंपनीची वेगळी ‘सीसीएनए सिक्युरिटी’ परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० पासून बंद झाली. त्याच दिवशी नवी एकत्रित सीसीएनए (२००-३०१) सुरू झाली. तिच्यात सुरक्षेच्या मूलतत्त्वांना १५ टक्के भार आहे. ‘कॉम्पटिआ’ची सिक्युरिटी प्लस (एसवाय०-७०१) नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे : ९० मिनिटे, जास्तीत जास्त ९० प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी १०० ते ९०० च्या मापावर ७५० गुण. तिची व्याप्ती मोठी, खोली कमी. सीआयएसएसपी या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राला साधारण ५ वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्याने त्याच्यामागे धावू नये. सिस्कोच्या तज्ज्ञ पातळीच्या सीसीआयईची ८ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा देण्यासाठी बेंगळुरूला जावे लागते. आधी जाळे कसे चालते ते शिकावे, मग त्याचे रक्षण. उलट क्रमाने गेलेला विद्यार्थी संज्ञा पाठ करतो आणि पहिल्याच बिघाडाला अडखळतो.

तयारीचा गाभा आहे प्रयोग. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवरही चालते. सुरुवात सबनेटिंगपासून, म्हणजे जाळ्याचे लहान भाग पाडण्यापासून, करावी : १९२.१६८.१०.०/२६ या जाळ्यात ६४ पत्ते, त्यांतले यंत्रांना देण्याजोगे ६२. हे कागदाशिवाय सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नये. मग प्रवेश-याद्या, म्हणजे एसीएल. राउटर नियम वरून खाली वाचतो, पहिला जुळणारा नियम लागू करतो आणि थांबतो. शेवटी ‘बाकी सर्वांना मनाई’ हा न लिहिलेला नियम असतोच. एक मनाई लिहून परवानगी लिहायला विसरलेला विद्यार्थी सगळी वाहतूक बंद पाडतो. ते एकदा आपल्या हातून घडून गेलेले बरे.

स्विचवरचे संरक्षण याहून बोधप्रद आहे. यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीवर पहारा ठेवणारे ‘स्नूपिंग’ चालू केले, पण खऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडे जाणारे पोर्ट ‘ट्रस्टेड’ केले नाही, तर कुणालाच पत्ता मिळत नाही. स्नूपिंगमधून कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा, याचा तक्ता तयार होतो आणि ‘हा पत्ता माझा’ असे सांगणारी खोटी एआरपी उत्तरे पकडणारी तपासणी त्याच तक्त्यावर उभी असते. ज्या सर्व्हरचा पत्ता हाताने दिला आहे, त्याची नोंद त्या तक्त्यात नसते; त्याच्यासाठी वेगळा नियम केला नाही, किंवा त्याचे पोर्ट ट्रस्टेड ठरवले नाही, तर तपासणी चालू होताच तो बिचारा निर्दोष सर्व्हर गप्प होतो. असा बिघाड मुद्दाम घडवावा, वायरशार्क या सॉफ्टवेअरमध्ये पाकिटे पाहावीत, मग दुरुस्त करावा. आज्ञा पाठ केल्याने हे समजत नाही.

सराव स्वतःच्या यंत्रांवर किंवा लॅबमध्येच करावा. शेजाऱ्याच्या वाय-फायवर किंवा कॉलेजच्या जाळ्यावर परवानगीशिवाय हात चालवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

शिकवणीवर्गांच्या पेठेत ‘डम्प’ही मिळतात, म्हणजे चोरलेल्या प्रश्नांचे संच. ते घेणे ही फसवणूक आहे. परीक्षा घेणारी संस्था त्यासाठी प्रमाणपत्र रद्द करू शकते. त्याहून मोठे नुकसान पुढे होते : डम्पवर पास झालेला माणूस एखाद्या रुग्णालयाच्या किंवा बँकेच्या फायरवॉलसमोर बसतो, आणि त्याच्या अज्ञानाची किंमत ज्यांना त्याचे नावही ठाऊक नाही असे लोक मोजतात.

सिस्को आणि कॉम्पटिआ यांच्या परीक्षा पिअर्सन व्हीयूईच्या केंद्रात किंवा घरून देता येतात. घरून देताना खोलीत दुसरे कोणी आले तरी परीक्षा थांबू शकते, म्हणून माणसांच्या राबत्याच्या घरातल्यांनी केंद्रच निवडावे. नोंदणीतले नाव ओळखपत्राशी जुळले पाहिजे. वडिलांचे नाव मधे लिहिणाऱ्या मराठी आणि घराण्याचे नाव आधी लिहिणाऱ्या तेलुगू मुलांनी हे आधीच तपासावे. सिस्कोच्या परीक्षेत मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही, कॉम्पटिआच्या परीक्षेत येते. नापास झाल्यास सिस्को ५ दिवस थांबायला लावते. कॉम्पटिआ दुसऱ्या प्रयत्नाला थांबवत नाही, तिसऱ्याआधी १४ दिवस थांबवते.

ज्यांना सलग आणि शिस्तीचे शिक्षण हवे, त्यांच्यासाठी सी-डॅकचा सुमारे सहा महिन्यांचा, संगणकप्रणाली व सुरक्षा यांवरचा पदव्युत्तर डिप्लोमा हा चांगला पर्याय आहे. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून मिळतो. प्रमाणपत्र हाती आल्यावर ते टिकवण्यासाठी ३ वर्षांत सीसीएनएला ३०, तर सिक्युरिटी प्लसला ५० शिक्षण-गुण जमवावे लागतात, नाहीतर पुन्हा परीक्षेला बसावे लागते.