सौंसरचा खडक आणि उजाड ढिगारे

पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा नवा असला तरी भूगर्भशास्त्रात सौंसरचे नाव जुने आहे. नागपूर-भंडाऱ्यापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतच्या मँगनीजधारी खडकसमूहास 'सौंसर' हेच नाव आहे. एल. एल. फर्मोर यांचा भारतातील मँगनीज साठ्यांवरील बृहद्ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. छिंदवाड्यातील सितापार गावावरून त्यांनी एका खनिजाला 'सितापाराइट' म्हटले. पुढे ते बिक्सबाइटच असल्याचे ठरले.

खनिज पोलादाच्या भट्ट्यांकडे गेले, मागे उरले दगडमातीचे ढिगारे. त्यांत सेंद्रिय द्रव्य नाही, नत्र नाममात्र, पाणी ठरत नाही. पावसाळ्यात तीच माती ओढ्यांत व शेतांत उतरते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले आणि छिंदवाडा दुसऱ्या. खडक मात्र अखंडच राहिला. म्हणूनच सावनेर तालुक्यातील गुमगावचा प्रयोग आम्हांला आपलाच वाटतो. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथील मँगनीज ढिगाऱ्यांवर झाडे जगवून दाखविली, डॉ. आशा जुवारकर यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. खड्ड्यांत साखर कारखान्यातील प्रेसमड घातले. रोपांच्या मुळांना नत्र स्थिर करणारे जिवाणू व उपयुक्त बुरशी यांची जोड दिली. साग, शिसम, शिवण, करंज, बांबू ही परिचित झाडे त्या उजाड ढिगाऱ्यांवर रुजली.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. झाडे धातू नाहीसा करीत नाहीत. मुळे माती धरून ठेवतात, पालापाचोळ्याने ती सुपीक होत जाते आणि धूप थांबते. तेव्हा अशा भूमीवर चारा वा भाजीपाला घेण्यापूर्वी मातीची तपासणी झालीच पाहिजे.

खाण बंद करताना भूमी सावरण्याची योजना व तीसाठी आर्थिक हमी देण्याचे बंधन २००३ च्या नियमदुरुस्तीने आले. त्यापूर्वीच सोडून दिलेल्या खाणींचे उत्तरदायित्व कोणी घ्यावयाचे? २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण झाली. त्यांच्या निधीतून प्रथम जुन्या ढिगाऱ्यांची गावनिहाय नोंद व्हावी आणि ओढ्यालगतच्या ढिगाऱ्यांवर लागवड आधी व्हावी, असे आम्हांस वाटते. ज्या भूमीने शास्त्राला नाव दिले, तिचे एवढे ऋण तरी फेडले पाहिजे.